एका बोटाने उघडणारं छत

जळगाव,
११ जानेवारी १९७५

ती. प्रमिलाअक्का,
लोटनचा नमस्कार. संक्रांतीला ये म्हणून लिहिलंस, पण येणं जमणार नाही. का ते खाली सांगतो. दाजी जवळ बसले असतील तर हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

काल आमच्या कारखान्यात एक गाडी आली. खाली हिरवी, वर साईच्या रंगाची. ते सगळं झालं तेव्हा मी बडोद्याला होतो, म्हणून गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तू इतक्यांदा सांगितली आहेस की फाटकातून वळतानाच ओळखली. चालवणारा एक म्हातारा होता आणि शेजारी चुडामणभाऊ.

मला ते ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी मी भिकमचंदजींच्या कारखान्यातला मिस्तरी. भिकमचंदजींनी मुंबईच्या भंगारातून एका परदेशी मोटारीच्या मागच्या दाराच्या गॅसच्या स्प्रिंगा आणल्या आहेत, आणि त्या बसवणारा माणूस या बाजूला मीच, हे त्यांच्या कानावर गेलेलं. म्हणून धुळ्याहून इतक्या लांब आले.

त्या गाडीचं छत पेटीच्या झाकणासारखं एका बाजूने वर उचललं जातं, हे तुला ठाऊकच आहे. उचललं की आत माणूस ताठ उभा राहतो, वरच्या फळीवर दोघं झोपतात. आग्रा रोडवर परदेशी पोरांची तशी गाडी पाहून त्यांनी बनवून घेतलेली. पण छत भलतंच जड झालंय. दोघांनी उचलायचं आणि तिसऱ्याने खाली लाकडी टेकू लावायचा. अक्का, अजून तोच प्रकार आहे. टेकू नवा आहे एवढंच.

गॅसची स्प्रिंग म्हणजे बंद नळकांडं. आत दाबून भरलेला गॅस आणि त्यातून बाहेर येणारा एक चकचकीत दांडा. दांडा सतत बाहेर यायला बघतो. पुढे एक, मागे एक अशी जोडी लावली की छताचं वजन त्या घेतात, आणि माणसाने नुसता हात लावायचा. किती वजन घेतात ते बघायला मी त्या शेजारच्या कापसाच्या वखारीतल्या काट्यावर उभ्या धरून दाबल्या. दोन्ही सारख्याच निघाल्या. काम तीन आठवड्यांचं आहे, कारण बिजागऱ्याही बदलाव्या लागतील.

गाडी माझ्या ताब्यात आहे, आणि मी कोण हे त्यांना माहीत नाही. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. तू सांग.

तुझा,
लोटन


देवपूर, धुळे,
१६ जानेवारी १९७५

चि. लोटन,
आशीर्वाद. पत्र शिवणवर्गात नेऊन वाचलं. बायका गेल्यावर परत वाचलं.

काय सुचत नाही म्हणतोस? मी तीन वर्षं दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

तू बडोद्याला होतास म्हणून तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. आज एकदाच सरळ लिहिते. हे चुडामणच्या कारखान्यात त्या छताच्या कडेला ताडपत्रीची पट्टी ठोकत होते. उजवा हात कडेवर होता. तेवढ्यात कोणा कंपनीचे साहेब गाडी बघायला आले. छत किती पटकन बंद होतं ते त्यांना दाखवायची चुडामणला घाई झाली. टेकू खेचला, हाक मारली नाही. दवाखान्यात यांचा हात मनगटापासून काढावा लागला. टॉवेलात हात गुंडाळून यांना तिथवर नेलं ते उखर्डू ड्रायव्हरने.

इथपर्यंत मी सोसलं असतं रे. चूक माणसाकडून होते. पण दुसऱ्या दिवशी कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले, तेव्हा तो म्हणाला की सुतार प्यालेला होता, टेकूला त्याचाच धक्का लागला. हे गळ्यात माळ घालणारे. दारूचा थेंब नाही, कांदा नाही. आपल्या तोंडच्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला असं दिसल्यावर तो चहाच्या टपरीवर सांगू लागला, मोंढ्यात सांगू लागला. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने यांना, काही दिवस येऊ नका, असा निरोप धाडला. ते काही दिवस अजून चालू आहेत. यांनी तिथे चौदा वर्षं मृदंग वाजवला. हात गेल्यावर मृदंग तसाही गेलाच, पण ऐकायला बसायचीही बंदी झाली.

हे काही बोलत नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला त्याचा हात हवा. दोन्ही गेले तरी चालतील. अशी स्प्रिंग दहा वेळा धरेल आणि अकराव्या वेळी सोडेल असं करता येतं का? तुझ्या हातून होणार नसेल तर तसं लिही. मी येऊन बसते जळगावला आणि स्वतः करवत घेते.

पत्र जाळ.

प्रमिला


जळगाव,
२८ जानेवारी १९७५

ती. अक्का,
उत्तराला उशीर झाला. विचार करत होतो.

तू विचारलंस तसं करता येतं. दांड्यावर चांदीसारखा मुलामा असतो. तो नळकांड्यात शिरतो तिथे रबराची कडी असते, ती गॅस अडवून धरते. दांड्यावर कानशीने एक बारीक रेघ मारली तर प्रत्येक उघडझापीला ती रेघ रबर कापत जाते. पंधरावीस वेळा छत नीट उभं राहतं. मग एक दिवस गॅस निसटतो, आणि एकटी दुसरी स्प्रिंग ते वजन पेलू शकत नाही. छत येतं खाली. कोणाला संशय येत नाही, कारण माल भंगारातला.

मी हे करणार नव्हतो. पण परवा चुडामणभाऊ काम बघायला आले. जेवणाची सुट्टी होती, आम्ही सहासात जण बसलो होतो. कोणीतरी विचारलं, एवढा खर्च कशाला, टेकू बरा होता की. तर ते पान लावता लावता म्हणाले, "धुळ्याचा एक सुतार होता माझ्याकडे. गळ्यात माळ आणि पोटात बाटली. छत वर आहे की खाली, तेच त्याला दिसलं नाही."

सगळे हसले. अक्का, मीही हसलो. ओळख लागू नये म्हणून हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मागची स्प्रिंग काढली आणि रेघ मारली. झालं ते झालं. आता तू इकडे येऊ नकोस, कोणाशी बोलू नकोस, आणि गाडीच्या जवळपासही फिरकू नकोस.

लोटन


देवपूर, धुळे,
५ फेब्रुवारी १९७५

चि. लोटन,
तुझ्या पत्रानंतर मी आडवी झाले ती उजाडल्यावरच उठले. तीन वर्षांत अशी झोप नव्हती. सकाळी वर्गातल्या बायका म्हणाल्या, बाई आज रागावल्या नाहीत. यांनीही विचारलं की तू गुणगुणतेस काय. मी म्हटलं, भावाचं पत्र आलंय, बरा आहे तो.

ऐक. मी तुझं एक ऐकलं नाही. चुडामणच्या बायकोला, कुंदाबाईला, झंपर शिवून हवे होते. वर्गातल्या एकीने माझं नाव सुचवलं आणि मी गेले. मी सुताराची बायको हे तिला ठाऊक नाही, देवपूरची शिवणवाली एवढंच. स्वभावाने वाईट नाही ती. चहा दिला. गाडी आल्यावर माघ वद्य एकादशीला एदलाबादला मुक्ताबाईच्या यात्रेला जाणार, तिथे गाडीतच चार दिवस राहणार, असं कौतुकाने सांगत होती. मी मापं घेत होते. एकही माप चुकलं नाही.

तिथे होईल. देवीच्या दारात होईल. मला तेच बरं वाटतं.

तू माझा सख्खा नाहीस, मावशीचा मुलगा. पण सख्ख्याने केलं नसतं ते तू केलंस. त्या दिवशी तू हसलास ते मी मनात ठेवलेलं नाही.

प्रमिला


जळगाव,
१३ फेब्रुवारी १९७५

ती. अक्का,
गाडी परवा गेली. बिजागऱ्या नव्या, स्प्रिंगा बसवल्या, छत एका बोटाने वर जातं. चुडामणभाऊ दहा वेळा उघडझाप करवून खूष झाले.

आता या विषयावर लिहू नकोस. त्या घरी जाणंही सोड. आपल्या हातून जे व्हायचं ते झालं, पुढचं आपण बघायला नको. दाजींना नमस्कार. उन्हाळ्यात तुम्हा दोघांना इकडे घेऊन यायचं मनात आहे, पद्मालयाला जाऊ.

लोटन


देवपूर, धुळे,
१० मार्च १९७५

चि. लोटन,
तू लिहू नकोस म्हणालास, पण लिहिणं भाग आहे. हे पत्र हातात पडताच उठून धुळ्याला ये. ती रेघ मारलेली स्प्रिंग आपल्याला काढायची आहे. का ते सांगते.

२७ फेब्रुवारीला शिवलेले झंपर द्यायला मी चुडामणच्या घरी गेले. अंगणात गाडी उभी होती. उखर्डूबाबा छत उघडून आळीतल्या पोरांना दाखवत होते. एक बोट लावायचे आणि छत आपलं वर. मग डोकं आणि दोन्ही हात आत घालून ताडपत्रीच्या दोऱ्या बांधायचे. कुंदाबाई म्हणाली, यांची कंबर गेलीय, हे हातही लावत नाहीत छताला, सगळं उखर्डूच करतो, दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

तिथेच कळलं मला, लोटन. तुझी रेघ चुडामणसाठी नव्हती. उखर्डूबाबांसाठी होती.

घरी आले आणि तुला पत्र लिहिलं नाही. तार केली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी स्वतःला सांगत होते की कदाचित त्या दिवशी चुडामणच आत असेल. मग म्हणू लागले की उखर्डूबाबांनी तरी काय केलं? सगळं पाहिलं होतं त्यांनी. साहेब चौकशीला आले तेव्हा जमिनीकडे बघत उभे राहिले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर हे आज मंडळात बसले असते. मग होऊ दे, असं मी म्हटलं. मनातल्या मनात नाही, चुलीपुढे बसून तोंडाने म्हटलं. आठ दिवस मी तशी राहिले. भाकरी केल्या, वर्ग घेतला.

सात तारखेला संध्याकाळी उखर्डूबाबा आमच्या ओट्यावर आले. दरवर्षी येतात, यात्रेला निघायच्या आधी, यांना काही आणायचं का विचारायला. आत येत नाहीत, वर बघत नाहीत. मी पाणी दिलं. ते प्याले आणि तांब्या जपून खाली ठेवला. त्यांची मान मला दिसत होती, बारीक झालेली. छताची कड नेमकी तिथे येणार होती.

ते गेल्यावर रात्रभर ती मान डोळ्यांपुढून हलली नाही, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने मी निघाले. यांना म्हटलं, मुक्ताबाईला नवस आहे. जळगावच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, मी उतरले नाही. तू समोर आला असतास तर मी काय बोलले असते ते मला माहीत नाही.

एदलाबादला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पटांगणात गाड्या, राहुट्या, माणूस नुसता. ती हिरवी गाडी शोधायला वेळ लागला नाही, कारण तिच्याभोवतीच गर्दी होती. उखर्डूबाबा छत उघडून आत वाकलेले, खांद्यापर्यंत आत. मी ओरडले आणि त्यांचा सदरा धरून मागे ओढलं. दोघंही खाली पडलो.

छत तसंच उभं राहिलं.

चुडामण खुर्चीवर बसला होता. हसला. म्हणाला, "बाई, ते आता पडत नाही. जळगावहून गॅसच्या स्प्रिंगा बसवून आणल्यात."

मी उठून उभी राहिले. अंगभर धूळ. मी विचारलं, "मग तीन वर्षांपूर्वी का पडलं?"

तेव्हा त्याने मला ओळखलं. कुंदाबाई गाडीतून वाकून बघत होती, तिचाही चेहरा बदलला. तो लगेच सावरला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हिचा नवरा पिऊन आला होता म्हणून पडलं, आणि आता ही इथे तमाशा करायला आलीय. लोकांत आमच्या मंडळातले तिघे होते, भगवा झेंडा घेऊन. ते माझ्याकडे बघेनात.

उखर्डूबाबा अजून जमिनीवरच होते. तिथूनच बोलले. "पुना पेल नव्हता," यांचं नाव घेऊन म्हणाले. "मी तठेच व्हतू. टेकू भाऊनीच वढा. हाक बी मारी नही."

चुडामण म्हणाला, उखर्डू, तोंड सांभाळ. तर ते हळू उठले, धोतर झटकलं, खिशातून गाडीची चावी काढून चाकापाशी ठेवली आणि तेच परत बोलले, या वेळी मंडळातल्या तिघांकडे बघून. कोणी हसलं नाही. कुंदाबाईने नवऱ्याला एकच विचारलं, हे खरं का. तो चाकाजवळची चावी उचलू लागला. ती उतरून देवळाकडे चालू लागली आणि परत आली नाही. मागाहून कळलं की ती एकटीच एसटीने धुळ्याला आली.

उखर्डूबाबांना वाटतंय की यांचा हात आठवून मी घाबरले आणि त्यांना ओढलं. त्याच मायेने ते बोलले. त्यांना खरं माहीत नाही.

गाडी आता दुसराच कोणी चालवून धुळ्याला परत आणील. छत कोणी तरी उघडेल. कुंदाबाई असेल, आळीतली पोरं असतील. लवकर ये.

प्रमिला


जळगाव,
१४ मार्च १९७५

ती. अक्का,
तार मिळाली असेल. छत सुरक्षित आहे एवढंच तारेत लिहिता आलं. बाकीचं इथे लिहितो.

रेघ नाही. मी ती मारलीच नाही.

त्या संध्याकाळी कानस हातात घेतली होती, हे खरं. स्प्रिंग शिकंज्यात धरली होती. मग दांड्यात माझा चेहरा दिसला, लांबट, वाकडा, आणि मला जमलं नाही. स्प्रिंग परत बसवली. वर दोन्हीकडे लोखंडी अडसर लावले, म्हणजे गॅस गेला तरी छत अर्ध्यावर अडकावं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं काम मी चुडामणच्या गाडीवर केलंय.

तुला खोटं लिहिलं, कारण करवत घेऊन येते म्हणालीस ते तू केलं असतंस. वाटलं, झालं असं समजून तुझं मन निवेल, आणि मग उन्हाळ्यात पद्मालयाला बसून हळूच सांगेन. तुला झोप लागली असं लिहिलंस तेव्हा मला बरंच वाटलं. त्या झोपेच्या पुढे काय येईल याचा विचार मी केला नाही.

ते आठ दिवस मी तुला दिले. माफ कर म्हणायला तोंड नाही.

लोटन


देवपूर, धुळे,
२२ मार्च १९७५

लोटन,
तुझं पत्र आलं त्या दिवशी ते फाडून फेकलं. मग तुकडे गोळा केले.

रेघ नव्हती याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो एवढासाच. तू मला निववायला निघालास. मी लहान मूल होते का? त्या पत्रामुळे मी कोण आहे ते मला कळलं, आणि ते कळायला नको होतं. एक म्हातारा मरणार हे ठाऊक असून मी भाकरी थापत होते. छत पडणारच नव्हतं, याने माझे ते आठ दिवस पुसले जात नाहीत. तुझ्यावरचा राग जाईल असं आज तरी वाटत नाही.

मी यांना सगळं सांगितलं. तुझी पत्रं, माझी पत्रं, सगळं. वाटलं होतं हे मारतील किंवा रडतील. हे ऐकत राहिले. मग विचारलं, "उखर्डूला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. "मग सांग," म्हणाले. तीन वर्षांत यांनी मला इतक्या ठाम आवाजात काही सांगितलं नव्हतं. मी अजून गेलेली नाही. उद्या जाईन म्हणते आणि उद्या होतं.

आता चुडामणचं. मंडळातले तिघे एदलाबादहून परतले आणि त्यांनी देवपूरभर सांगितलं. मंडळाचे लोक येऊन यांच्या पाया पडले, हे पाय मागे घेऊन बसले. कुंदाबाई घरात नवऱ्याशी बोलत नाही. अठरा तारखेला तो स्वतः आला. शाल आणि नारळ घेऊन. ओट्यावर उभा राहून म्हणाला, झालं गेलं विसरा, मी माफी मागतो.

यांनी शाल घेतली नाही. म्हणाले, "चुडामणभाऊ, इथे मागून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं मी प्यालो नव्हतो. जिथं जिथं तुम्ही सांगितलंत तिथं तिथं जाऊन उलटं सांगा. मी बरोबर येतो."

त्याला वाटलं असेल एकदोन ठिकाणं. यांनी बोटांवर मोजली नाहीत, मोजायला एकच हात. सगळी ठिकाणं तोंडपाठ होती. मोंढा, कामगार खात्याची कचेरी, स्टँडवरची टपरी, लाकडाची वखार, न्हावी, भजनी मंडळ, त्याचा स्वतःचा कारखाना, आणि अशीच आणखी आठदहा. कोण कोण हजर होतं तेही. लोटन, मी समजत होते हे गप्प आहेत. हे गप्प नव्हते, हे पाठ करत होते.

पहिल्या दिवशी मोंढ्यात गेले. हे त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि तो बोलेपर्यंत उजव्या बाहीची घडी सोडून हात पुढे धरून ठेवला. तो पुटपुटला तर म्हणाले, मागच्यांना ऐकू आलं नाही, परत सांगा.

प्रमिला


जळगाव,
२७ मार्च १९७५

ती. अक्का,
तू रागाव, पण हे वाच.

भिकमचंदजींचे मेहुणे धुळ्याहून आले होते. म्हणाले की रोज पाचला लोक रस्त्यावर येऊन उभे राहतात, आज कुठे जाणार ते बघायला. टपरीवर चुडामणभाऊंना घेरी आली, बाकड्यावर बसवावं लागलं, पाणी मारलं, आणि दाजींनी ते उठेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा बोलायला लावलं. कारखान्यातली निम्मी माणसं त्यांना सोडून गेली म्हणतात.

त्यांनी हे ओढवून घेतलं, मान्य. पण माणूस साठीचा आहे. आता सगळ्या गावाला कळलं. पुरे करा. चुडामणभाऊंसाठी नाही, दाजींसाठी म्हणतो. इतकी वर्षं शांत राहिलेला माणूस असा होऊ नये. तू सांगितलंस तर ते ऐकतील. थांबव त्यांना.

लोटन


देवपूर, धुळे,
१ एप्रिल १९७५

चि. लोटन,
काल मी उखर्डूबाबांकडे गेले. चाळीच्या टोकाला एक खोली. चावी टाकल्यापासून कामाला नाहीत, दोरखंड वळत बसले होते. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगितलं. फेब्रुवारीच्या सत्तावीसला मला कळलं होतं की छत तुमच्यावर येणार, आणि मी आठ दिवस काही केलं नाही. तुम्ही पाणी प्यायला आलात म्हणून वाचलात. रेघ नव्हती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एका दमात बोलले, कारण थांबले असते तर पुढे बोलले नसते.

ते दोर वळत राहिले. हातातला पीळ पुरा झाल्यावर म्हणाले, "तू आठ दिन चूप राहिनी. मी तीन वरीस राहिनू. मी तुले काय बोलू?"

मग घरातून सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. चहा झाला, मी निघाले, तर म्हणाले, आते तुन्हा घर येसू तव्हय मझार बसू. यापुढे तुझ्या घरी येईन तेव्हा आत बसेन. मी घरी येईपर्यंत पदर तोंडावर धरून चालत होते.

आता तुझं. मी यांना थांबवावं म्हणतोस. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, शब्द गाळला नाही. हे म्हणाले, लोटनचं मन मऊ आहे, ते चांगलं आहे, म्हणून त्या गाडीखाली कोणी मेलं नाही. आणि उद्यासाठी कोट काढून ठेवला.

मीही विचार केला. टपरीवर तो पडला तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथवर होते. त्याची टोपी गटारात गेली होती. मला वाटलं होतं तो दिवस आला की मला आत गार वाटेल. तसं काही झालं नाही. वाईटही वाटलं नाही. मी नुसती उभी होते. इतकी वर्षं त्याचा हात मागत होते, आणि आता बघते तर हात नको होता. यांचं नाव ज्या तोंडाने मातीत घातलं, ते तोंड प्रत्येक ठिकाणी उघडायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. यांना सुचलं.

हे बदललेत का? बदललेत. काल भाकरी मोडताना म्हणाले, मीठ कमी आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, यांनी कधी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. मी मीठ वाढलं आणि आत जाऊन हसले.

मंडळाने यांना परत बोलावलं आहे. हे म्हणाले, आधी चुडामणभाऊ तिथे बोलतील, मग मी बसेन. ती पाळी आज आहे. एकादशी नाही, सण नाही, तरी मंडळाने सगळ्यांना कळवलंय. माणसं आतापासून सतरंज्या अंथरताहेत, इथपर्यंत आवाज येतो. आजच्या नंतर अजून तीन ठिकाणं राहतात.

तुझ्यावरचा राग थोडा कमी झालाय. सगळा नाही. उन्हाळ्यात आम्ही पद्मालयाला येऊ, तेव्हा उरलेला काढेन.

पाच वाजायला आलेत. चुडामणभाऊ येऊन ओट्यावर बसलेत. खिडकीतून दिसतात, हातरुमालाने मान पुसताहेत. मी आतून पाण्याचा तांब्या पाठवला, तो त्यांनी तसाच ठेवलाय. हे कोट चढवताहेत, डाव्या हाताने एकेक बटण, घाई नाही. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले.

दारातून जाताना यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा तुझं पत्र आठवून, मी काही म्हणते का ते पाहिलं असावं. मी म्हटलं, जाऊन या.

प्रमिला